परवा म्हणजे कधी?

सुमन, म्हणजे माझी बायको, चारचौघांत एक गोष्ट नेहमी सांगते. आमच्या लग्नात मंगलाष्टकं संपल्यावर मी तिचा हात हातात घेतला आणि अंगठी घालायच्या आधी नाडी मोजली. हे साफ खोटं आहे. मोजली नव्हती, लागते का तेवढंच बघितलं होतं. हात बर्फासारखा गार होता आणि मी नुकताच हृदयरोगाचा डॉक्टर होऊन बाहेर पडलो होतो. त्या वयात गार हात हातात आला की मला प्रेम सुचत नसे, रक्तदाब सुचत असे.

या अंकाच्या संपादकांनी 'हृदयाच्या डॉक्टरच्या हृद्य आठवणी' मागितल्या. ही कोटी त्यांची आहे, माझ्या नावावर खपवू नये. माझ्याकडे हृद्य असं फारसं नाही. संशय मात्र मुबलक आहे, कारण आमचा धंदाच तो. हाड मोडलं तर फोटोत दिसतं. मुतखडा झाला तर माणूस असा लोळतो की शेजाऱ्यालाही निदान करता यावं. छाती मात्र सरळ खोटं बोलते. पित्त हृदयाचं सोंग घेतं आणि हृदय पित्ताचं. बिघाड छातीत, कळ जबड्यात. निरोगी दाढ उपटून घेऊन मग माझ्याकडे आलेला एक गृहस्थ मला आठवतो. दंतवैद्यही बिचारा दाढेवर विश्वास ठेवून बसला होता. पहिला कार्डिओग्राम स्वच्छ आला म्हणून घरी पाठवावं तर माणूस जिन्यात कोसळतो, आणि ठेवून घ्यावं तर सकाळी ढेकर देऊन मोकळा होतो, वर त्याचा मेहुणा विचारतो, "म्हणजे उगीचच ठेवलं होतं तर!"

पुण्याहून मी हैदराबादला आलो तेव्हा देश नुकताच खुला झाला होता, असं वर्तमानपत्रं म्हणत. आमच्यापुरतं खुलं झालं म्हणजे काय, तर काचेच्या दारांचे खाजगी दवाखाने निघाले. मी ज्या दवाखान्यात लागलो त्याच्या दारात मिशीवाला दरवान कडक सलाम ठोकायचा. आत गुळगुळीत लादी आणि हाडं गारठवणारी हवा. सरकारी दवाखान्याच्या फिनेलवाल्या वासाला सरावलेली माणसं आत येऊन बावचळायची. ती लादी बघून त्यांना बरं वाटत नसे, शंका येत असे. एका म्हातारबाबांनी मला पहिल्याच आठवड्यात विचारलं, "डाक्टर साब, इत्ता ठंडा कायकू रखे? मरे सो लोगां खराब नै होना बोलके?"

संशय असा दोन्ही बाजूंनी. मी त्यांच्या छातीवर घ्यायचो, ते माझ्या तोंडावर.

यातले अव्वल म्हणजे कुकटपल्लीचे एक कारखानदार. पंख्यांचे काही भाग बनवायचे. डॉक्टर लोक पेशंटला घाबरवून आत ओढतात असं त्यांचं पक्कं मत. ते तीन कार्डिओग्राम घेऊन आले, तिन्हींवरची नावं दुमडून टाचणी लावलेली. म्हणाले, "तीन ठिकाणी काढलेत. कुठे काढले ते सांगणार नाही. तुम्ही फक्त बघा."

मी बघितले. दोन एकसारखे, ठणठणीत. तिसरा बघून मी खुर्ची पुढे ओढली.

"हा केव्हा काढला? आत्ता दुखतंय का?"

ते खूष होऊन हसले. "पकडलं! तो माझ्या ड्रायव्हरचा आहे. माझ्यात काही नसताना तुम्ही आजार काढताय का, ते बघायचं होतं."

"ड्रायव्हर कुठे आहे?"

"खाली, गाडीत."

"त्याला आधी वर बोलवा," मी म्हणालो.

ड्रायव्हरला आम्ही त्याच दिवशी भरती केलं आणि तो चांगला बरा होऊन गेला. कारखानदार मात्र नाराज. "म्हणजे माझ्यात काहीच नाही?" असं त्यांनी मला तीनतीनदा विचारलं. परीक्षेचा निकाल ड्रायव्हरच्या नावावर लागला हे त्यांना सहन होईना.

पण हैदराबादने माझी खरी परीक्षा घेतली ती भाषेत. आबिड्सला एक जब्बार साहेब नावाचे घड्याळजी होते. डोळ्याला भिंग लावून लावून एक डोळा कायमचा बारीक झालेला. छातीत दुखतं म्हणून आले. आमच्या धंद्यात पहिला प्रश्न 'कुठे' हा नसतो, 'कधीपासून' हा असतो. झटका ताजा असेल तर उपाय एक, शिळा असेल तर दुसरा. मी विचारलं, "दर्द कब से है?"

"परसों से."

परसों म्हणजे परवा. ताजा झटका! मी त्यांना चाकाच्या खुर्चीत बसवून थेट अतिदक्षता विभागात नेलं, तारा लावल्या, तोंडात गोळी ठेवली. संध्याकाळी त्यांची मुलगी आली, शाळेच्या गणवेशातल्या लेकराला घेऊन. ती हसत म्हणाली, "अब्बा को तो मेरी शादी के टैम से है ये दर्द."

मी लेकराकडे बघितलं. मग जब्बार साहेबांकडे. ते तारांच्या जाळ्यातून शांतपणे म्हणाले, "हौ. वोइच तो बोला मैं. परसों."

आमच्या विभागाच्या मुख्य नर्स राजेश्वरी यांनी तोंडावर फाइल धरून हसून घेतलं आणि मला बाजूला घेतलं. "सर, इथे कल म्हणजे कालच. पण परसों म्हणजे जे जे होऊन गेलं ते सगळं. निजामसुद्धा परसोंच गेला." ज्या माणसाने जन्मभर लोकांची घड्याळं बरोबर लावली, त्याने मला काळाच्या बाबतीत असं उताणं पाडलं.

त्यानंतर मी शहाणा झालो. हैदराबादी माणसाला 'कधी' विचारायचंच नाही. विचारायचं, "उस वक्त घर में स्कूटर थी?" "केबल का कनेक्शन आया था?" त्या वर्षांत घराघरात दर थोड्या दिवसांनी काहीतरी नवं येऊन पडत होतं. आधी रंगीत टीव्ही, मग फोन, मग केबल. तारखा कोणाला आठवत नसत, पण फोन आल्याचा दिवस कोणी विसरत नसे. मी दुखण्याला टीव्हीच्या आधी आणि फोनच्या नंतर असं कोंडीत पकडायला शिकलो. उर्दू बोलणाऱ्यांवर मी हा संशय घ्यायचो, तेलुगू बोलणाऱ्यांवरही घ्यायचो. मराठीवर घ्यायचं मात्र मला कधी सुचलं नाही. आपलीच भाषा, तिची काय उलटतपासणी घ्यायची?

माझं सासर हैदराबादच्याच नारायणगुड्यात. माझे सासरे, आम्ही सगळे त्यांना अप्पा म्हणत असू, मूळचे शेतकरी घरातले. त्यांच्या वडिलांनी जुन्या संस्थानाच्या काळात शहर गाठलं. अप्पांचं शाळेच्या गणवेशाचं दुकान होतं. नारायणगुड्यात शाळा चिक्कार, त्यामुळे शाळा उघडायच्या दिवसांत दुकानात पाय ठेवायला जागा नसे. गळ्यात टेप अडकवलेले अप्पा गल्ल्याशी उभे राहून आयांना सांगत, "बाई, डोळे झाकून न्या. रंग गेला तर मला सांगा. आटला तर पोराला घेऊन या, मी स्वतः घालून हिंडतो." चड्डी आटायची ती आटायचीच.

अप्पांचा माझ्यावर विश्वास नव्हता. म्हणजे जावई म्हणून होता, डॉक्टर म्हणून नव्हता. "जावईबापू फुकट तपासतात," ते म्हणत, "आणि फुकटचं औषध अंगी लागत नाही." आमच्या दवाखान्यावर तर त्यांचा दाट संशय होता. एकदा मला डबा द्यायला आले, दरवानाचा सलाम घेतला आणि बाहेरूनच परत गेले. घरी सुमनला म्हणाले, "ज्या दुकानात शिरताना सलाम ठोकतात तिथे निघताना खिसा चाचपावा. मला काही झालं तर तिथे नेऊ नका. आधीच सांगून ठेवायलो."

आणि शाळा उघडायच्या हंगामात एका सकाळी, गर्दी ऐन भरात असताना, त्यांना तिथेच आणलं.

माझा मेहुणा श्रीकांत त्यांना रिक्षातून घेऊन आला. त्याच्या खांद्यावर उपरण्यासारखे गणवेश तसेच राहिले होते. "दाजी, अप्पांना लई घाम यायलाय. छातीत जळजळायलंय म्हणाले. गोळी सोडा पाजला, तर सोडा बाहेर आला."

"काही नाही झालेलं," अप्पा स्ट्रेचरवरून म्हणाले. टेप अजून गळ्यातच होती. "मिरचीची भजी खाल्ली काल. पित्त आहे."

चेहरा राखेच्या रंगाचा, सदरा पिळून काढावा असा ओला. मी कार्डिओग्राम काढला. त्यावर संशयाला जागा नव्हती. मोठा झटका, ताजा, चालू. त्या कागदाकडे मी आधी डॉक्टर म्हणून बघितलं, मग जावई म्हणून. घरच्या माणसावर आपण उपचार करू नयेत असा आमच्यात संकेत आहे, पण माझे वरिष्ठ परिषदेसाठी परगावी गेले होते. नळी घालून रक्तवाहिनी फुग्याने उघडायचं नवंकोरं यंत्र आमच्याकडे येऊन पडलं होतं, पण ते बसवून देणारा तंत्रज्ञ परदेशातून यायचा होता. ते खोक्यात होतं. बाहेरच्या पाट्यांवर मात्र त्याची जाहिरात लागून गेली होती.

उरलं एकच औषध, गुठळी विरघळवणारं. हे जरा समजावून सांगतो. झटका येतो म्हणजे हृदयाला रक्त पुरवणाऱ्या वाहिनीत गुठळी बसते, आणि पुढचा स्नायू मिनिटामिनिटाने मरत जातो. हे औषध गुठळी विरघळवतं. पण औषधाला हृदय कुठलं आणि डोकं कुठलं ते कळत नाही. अंगात कुठेही ताजी जखम असली की तिचीही गुठळी विरघळते आणि तिथून रक्त वाहू लागतं. डोक्यात वाहिलं तर संपलंच. म्हणून ते देण्याआधी काही प्रश्न विचारावेच लागतात. मागोमाग दुसऱ्या रिक्षाने सासूबाई आल्या होत्या. त्यांना आम्ही माई म्हणतो. मी त्यांना घाईघाईत विचारलं, "माई, अप्पांचं एवढ्यात ऑपरेशन? पोटातून रक्त? डोक्याला मार?"

"मार लागला की," माई पदराने डोळे पुसत म्हणाल्या. "परवा पडले नाही का दुकानात शिडीवरून? डोक्यात ही मोठी खोक पडली. टाके घातले."

राजेश्वरी सिस्टरच्या हातात औषधाची बाटली होती. त्यांनी ती खाली ठेवली.

परवा! डोक्यात खोक! म्हणजे औषध दिलं तर डोक्यात रक्त, आणि न दिलं तर ठोके दाखवणारा समोरचा पडदा सांगत होता तेच. मला दरदरून घाम फुटला; त्या खोलीत घामात अप्पांचा आणि माझा नंबर जवळपास सारखा होता. आणि पहिला राग आला तो सुमनचा. बाप डोकं फोडून घेतो आणि घरात डॉक्टर असून मला कोणी सांगत नाही? की मुद्दाम लपवलं? फुकट तपासणाऱ्या जावयापासून?

मी अप्पांच्या डोक्यावरून बोटं फिरवली. तेलकट, विरळ केस. टाके नाहीत. सूज नाही. कानामागे एक गुळगुळीत रेघ लागली, बस्स.

"माई, टाके कुठे आहेत?"

"काढले की."

"परवा घातले आणि काढलेसुद्धा?"

"हौ. परवाच काढले."

"परवाच घातले आणि परवाच काढले? माई, वार कोणता होता?"

"वार आता कसा ध्यानात राहील?" माई रडतारडता माझ्यावरच चिडल्या. "परवा म्हणजे परवा! मराठी कळंना का तुम्हाला? पुण्याचे ना तुम्ही?"

आणि त्या वाक्यासरशी माझ्या डोळ्यांपुढे जब्बार साहेब उभे राहिले, तारांच्या जाळ्यात, लेकराच्या शेजारी. परसों! ज्या शब्दावर मी उर्दूत इतकी वर्षं पहारा बसवला होता, तो मागच्या दाराने माझ्याच सासरी, माझ्याच मराठीत येऊन बसला होता. दोन-तीन पिढ्या हैदराबादेत राहिलेल्या या माणसांच्या तोंडी 'परवा'चं केव्हाच 'परसों' झालं होतं.

पण झालंच होतं हे कशावरून? पुण्यात परवा म्हणजे परवा. हैदराबादेतही खरोखरीचा परवा उजाडतोच, आणि माणूस त्याही दिवशी शिडीवरून पडू शकतो. एका शब्दावर मी माणूस पणाला लावायला निघालो होतो.

"माई," मी शक्य तेवढ्या शांतपणे म्हणालो, "अप्पा पडले तेव्हा घरात फोन होता?"

"फोन कुठला!"

"रंगीत टीव्ही?"

"काळासुद्धा नव्हता. शेजारी जात होतो की आम्ही बघायला."

"सुमनचं लग्न?"

"सुमी परकर नेसत होती हो!" माईंचा आवाज चढला. "तुम्ही कुठे होता तेव्हा? काय विचारायलात हे? माणूस तिकडे तळमळायलाय, आणि हे टीव्ही विचारायलेत!"

श्रीकांतने मान डोलावली. "मी तिसरीत होतो, दाजी. शिडी लाकडी होती. मीच हलवली होती."

स्ट्रेचरवरून अप्पांचा खोल गेलेला आवाज आला. "तू हलवली होतीस? आज सांगायलास?"

सिस्टरने बाटली पुन्हा हातात घेतली होती. आता उरला होता पेशंट. मी अप्पांना सांगितलं की औषध द्यायचंय. त्यांनी डोळे उघडले आणि माझ्याकडे गिऱ्हाइकाकडे बघावं तसं बघितलं. हा नजरेचा प्रकार मी ओळखत होतो. कापड चुरगाळून बघतात तशी ती नजर असे.

"गरज आहे," ते दम घेत म्हणाले, "का नव्या दुकानाची बोहनी?"

"गरज आहे, अप्पा."

"यानं बरं होतं?"

खोटं बोलणं त्या क्षणी फार सोपं होतं. हो म्हटलं असतं तर माईही शांत झाल्या असत्या. पण माझ्या तोंडून खरंच निघून गेलं. "बहुतेकांना होतं. खात्री नाही. रक्त वाहायचा धोकाही आहे. पण तुमच्या जागी मी असतो तर घेतलं असतं."

अप्पांनी गळ्यातली टेप काढून श्रीकांतच्या हातात दिली.

"खात्री नाही म्हणायलेत," ते माईंना म्हणाले. "म्हणजे विकत नाहीत. घ्या, द्या सुई."

औषध थेंबाथेंबाने जायला लागलं आणि मी पडद्यासमोर उभा राहिलो. या औषधाचा एक चमत्कारिक स्वभाव आहे. ते लागू पडतं तेव्हा, बंद वाहिनीतून रक्त परत सुटतं तेव्हा, हृदय बावरतं आणि काही वेळ वेडंवाकडं ठोके टाकतं. म्हणजे चांगली बातमी येते ती वाईट बातमीचे कपडे घालून. कधी कधी ती खरोखरीच वाईट असते. बाहेरून दोन्ही सारख्याच दिसतात. अप्पांच्या पडद्यावरची रेघ एकदम नाचायला लागली. सिस्टरने माझ्याकडे बघितलं. मी विजेचा झटका द्यायच्या यंत्राच्या दोन्ही मुठी हातात धरल्या आणि थांबलो. माझ्या सगळ्या धंद्यात एवढं अवघड काम मी केलेलं नाही. मुठी हातात धरून काहीही न करणं.

रेघ हळूहळू सरळ वळणावर आली. अप्पांनी डोळे उघडले.

"पित्त उतरलं," ते म्हणाले.

अप्पा पुढे बरीच वर्षं जगले. दुकान श्रीकांतच्या हाती गेलं तरी रोज जाऊन बसायचे आणि शिडीकडे बघून त्याला टोमणा मारायचे. आमच्या दवाखान्यावरचा त्यांचा संशय कायम राहिला. तपासायला यायचे ते मागच्या दाराने, सलाम चुकवून. आता ते यंत्र खोक्यातून बाहेर निघालं होतं आणि रात्रंदिवस चालत होतं. कुणाची नळी खरोखर गरजेची आणि कुणाची पाटीवरच्या जाहिरातीसाठी, असा संशय मला माझ्याच दवाखान्याबद्दल येऊ लागला होता. एकदोन वेळा मी तो बोलून दाखवला. पुष्कळ वेळा नाही दाखवला. 'खात्री नाही' हे दोन शब्द मात्र मी पेशंटपुढे कधी गिळले नाहीत, एवढंच म्हणता येईल. त्यामुळे माझे कितीतरी पेशंट खात्री देणाऱ्या डॉक्टरांकडे निघून गेले. अप्पा मात्र भेटेल त्याला सांगायचे, "परवा जावईबापूंनी वाचवलं मला." ऐकणारा नवखा असला तर दचकून त्यांना धरायचा आणि बसायला खुर्ची द्यायचा. अप्पा बसायचेही.

शेवटी ते झोपेतच गेले. कुठली तार नाही, पडदा नाही. सकाळी माईंनी चहाला हाक मारली आणि ते उठले नाहीत.

अलीकडे मी पुण्याला चुलतभावाच्या मुलीच्या लग्नाला गेलो होतो. पंगतीत वाढणाऱ्या वहिनी जिलबीचं ताट घेऊन माझ्यासमोर थांबल्या. बऱ्याच वर्षांनी भेट होत होती. "काय म्हणतंय हैदराबाद? सुमनचे वडील बरे आहेत ना? तेच ना हो, गणवेशवाले?"

"नाही हो वहिनी," मी म्हणालो. "परवा गेले."

वहिनींच्या हातातली जिलबी हातातच राहिली. शेजारचा पाहुणा जेवता जेवता थांबून माझ्याकडे बघू लागला. समोर सुमन जरीच्या साडीत हसत कुणाशी तरी बोलत होती.

"परवा?" वहिनींनी आवाज खाली आणला. त्या नजरेत संशय काठोकाठ भरला होता. "आणि तुम्ही दोघं इथे? सुतक नाही तुम्हाला?"

उत्तर अगदी सोपं होतं. वर्ष सांगायचं होतं फक्त. ते गेले तेव्हा घरात कोणता फोन होता, कोणती गाडी होती, सगळं मला लख्ख आठवत होतं. मी हिशेब करायला तोंड उघडलं, पण तो काही जुळेना.

"नाही वहिनी," मी म्हणालो, "वाढा तुम्ही. पण गेले ते परवाच."